अर्धा कोयता

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे आधीच सांगून टाकते, कारण सिंगापुरात भेटणाऱ्या मराठी लोकांना ते आपोआप कळत नाही. त्यांच्याकडे आजोबासुद्धा बीए असतात. आमच्याकडे पदवीचा फोटो एकच, माझा, भाड्याच्या काळ्या झग्यातला, आणि त्यात माझे डोळे मिटलेत. दुसरा काढायला वेळ नव्हता. आईवडलांना त्याच संध्याकाळी टोळीबरोबर कारखान्याच्या गाडीत बसायचं होतं. आईनं तोच फ्रेम करून लावला. बघायला येणाऱ्यांना ती सांगते, अभ्यास करून करून डोळे मिटायला लागले पोरीचे.

टोळी म्हणजे ऊसतोडीची. आमच्या बीडकडची माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. तिथं मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. आईच्या हातात स्वतःचा धारेचा कोयता असायचा, ती वडलांपेक्षा भरभर तोडायची, मोळ्याही तीच डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. पण मुकादमाच्या हिशेबी ती अर्धीच.

हे मी माझ्या फ्लॅटमेटला एकदा भांडी घासताना सांगितलं होतं. तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "परत सांग."

ती थायलंडची, ईशान्येकडच्या खेड्यातली. इथल्या एका कला महाविद्यालयात पेंटिंगचं शेवटचं वर्ष करत होती. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. बुकित पंजांगला दोन खोल्या आणि एक मोठा हॉल असा फ्लॅट आम्ही मिळून घेतला होता, खिडकीबाहेरून एलआरटीचा, म्हणजे उंचावरच्या छोट्या ट्रेनचा, डबा जायचा आणि त्यातली माणसं आमच्या हॉलमध्ये बघायची. तीही तिच्या घरातली पहिलीच शिकलेली, तिचीही आई ऊसच तोडायची. पण आमचं जमलं ते त्यामुळे नाही. जमलं कारण दोघीही रात्री खरकटं ठेवत नव्हतो. ती मला 'पी' म्हणायची. पी म्हणजे ताई.

सुरुवातीला एक गोष्ट मला समजायची नाही. मी ऑफिसातून येऊन फरशीवर पाय पसरून बसले की ही उठून बाजूला जायची. तीनचारदा असं झाल्यावर मी विचारलं, वास येतो का माझा?

"नाही पी. तुझे तळवे माझ्याकडे आहेत."

तिच्याकडे माणसाला तळवा दाखवणं म्हणजे त्याच्यावर थुंकण्यासारखं. मी म्हटलं, आमच्याकडे मोठ्यांच्या पायावर डोकं ठेवतात. ती हसली. "मग तुझ्या देशात माझी आई राणी झाली असती. तिचे पाय बघितले नाहीस तू."

आता तिच्याबद्दल लोक काय बोलायचे तेही सांगते. टॅक्सीवाला अंकल कुठली आहेस विचारायचा आणि उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न, कुठल्या मसाजच्या दुकानात? आमच्याच ब्लॉकमधल्या एका गृहस्थानं लिफ्टमध्ये स्वतःचा खांदा पुढे करून दाखवला होता. आणि तिच्या वर्गातल्या बँकॉकच्या मुली तिला 'बान नोक' म्हणायच्या. आमच्याकडचं 'गावंढळ' असतं ना, तेच, फक्त जास्त गोड आवाजात. म्हणजे परक्यांना ती मसाजवाली आणि आपल्यांना अडाणी. ती कुणाशी भांडायची नाही. घरी येऊन चित्र काढायची.

शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी तिनं आईचं चित्र घेतलं. पुरुषभर उंचीचा कॅनव्हास, आमच्या हॉलमध्ये खिडकीशी उभा. चित्रात एक बाई उलट्या क्रेटवर बसलेली. अंगात ऊसतोडीचा लांब बाह्यांचा, मळका, पुरुषी शर्ट. चेहऱ्याला फडकं गुंडाळलेलं, फक्त डोळे उघडे, कारण उसाचं पान चेहरा कापतं. आणि त्या फडक्यावर, डोक्यावर, सोन्याचा उंच टोकदार मुकुट, विमानतळावरच्या जाहिरातीत थाई नर्तकीच्या डोक्यावर असतो तसला. मांडीवर कोयता, अर्ध्यात मोडलेला. आणि सगळ्यांत पुढे, चेहऱ्याहून मोठे, बघणाऱ्याच्या थेट तोंडासमोर, तिचे दोन्ही तळवे. भेगा तर तिनं रंगाच्या सुरीनं खरोखरीच्या पाडल्या होत्या, इतका जाड रंग.

"जे आम्हाला वरून खालपर्यंत बघतात," ती म्हणाली, "त्यांनी आता खालून सुरुवात करायची."

नाव तिनं माझ्याकडूनच घेतलं. अर्धा कोयता.

तिला एकच हवं होतं. प्रदर्शनाला आई येणार होती, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. त्या हॉलमध्ये शिकलेली, चांगल्या कपड्यातली माणसं आईच्या चित्रासमोर उभी राहतील, आईच्या तळव्यांसमोर, आणि कुणाला हसता येणार नाही. आणि ते आई स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. मार्कांचं, परीक्षकांचं ती बोलायचीच नाही. आईला चित्राबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. "तिथंच बघू दे," म्हणायची.

चैत्रात माझी आई आली, महिनाभरासाठी. वडील म्हशी सांभाळायला गावाकडे राहिले. आई आली हे कळल्यावर बुकित बातोकच्या वहिनींचा फोन. या वहिनी मूळच्या पुण्याच्या, आमच्या भागातल्या मराठी बायकांचं काय ते सगळं त्याच ठरवतात. "अगं, काकू आल्यात तर हळदीकुंकू करूया तुझ्याकडे. आंबेडाळ मी घेऊन येते, त्यांना नाही जमायची." आईला जमत नव्हतीच, पण हे त्यांनी विचारून ठरवायला हवं होतं. मी लिटिल इंडियातून विड्याची पानं, हळदीकुंकू, कैऱ्या आणल्या. आई आल्यापासून फ्लॅटमेट रात्री ती झोपल्यावरच रंगवायची, दिवसा चित्र झाकलेलं असायचं. त्या दिवशीही तिनं त्यावर चादर टाकली, तळव्यांचा रंग अजून ओला होता म्हणून चादर अंतरावर राहील अशा दोन काठ्या लावल्या, आणि मला म्हणाली, हात लावू देऊ नकोस कुणाला.

चौघी आल्या. मी पन्हं ओतत होते आणि फ्लॅटमेट ग्लास नेऊन देत होती, कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. एकीनं तिच्या हातात रिकामा ग्लास परत ठेवला आणि टेबलावर सांडलेलं बोटानं दाखवलं. मग मला मराठीत, "हेल्पर छान मिळालीय गं तुला. फिलिपिनो का?"

"हेल्पर नाही," मी म्हटलं. "माझी फ्लॅटमेट आहे. थाई. एमए करतेय. टेबल तुम्ही पुसा, फडकं तिथं आहे."

तिनं काही टेबल पुसलं नाही. फ्लॅटमेट आपल्या खोलीत गेली, मी परत स्वयंपाकघरात, आणि थाई हा शब्द हॉलमध्ये तसाच राहिला.

"थाई का? तरीच."

"तरीच काय?"

"काही नाही बाई. आमचे हे ऑफिसच्या ट्रिपला पटायाला गेले होते. आल्यावर म्हणाले, बुद्धाची देवळं बघितली."

"पुण्य लागलं असेल हो!"

हसल्या. मग चादर सरकल्याचा आवाज आला.

"अगंबाई! हे काय?"

"पाय बघ, पाय! त्यांच्याकडे पाय दाबून देतात ना? ही दाबून घ्यायलाच बसलीय."

"तोंड झाकलंय आणि पाय वर. म्हणजे लाज कुठं असते ते कळलं."

हे वहिनींचं. वहिनींचं मराठी चांगलं आहे, आकाशवाणीवर भाषणं द्यायच्या. एवढा हशा झाला की हातातलं पन्हं माझ्या पायावर सांडलं.

तेवढ्यात आई खोलीतून हळदीकुंकवाचं तबक घेऊन हॉलमध्ये आली. हसणं तिनं ऐकलं असेल, पण तिला बायकांचं हसणं नवीन नाही. तिनं समोर काय बघितलं ते सांगते. डोक्यावर सोन्याचा मुकुट. मांडीवर शस्त्र. पाय पुढे केलेले, कुणी डोकं ठेवावं म्हणून ठेवतात तसे. तिनं तबक खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, बोटावर हळद घेतली आणि दोन्ही तळव्यांना लावली. मग कुंकू. मग फरशीला कपाळ टेकलं.

मी पळीसकट बाहेर आले.

"अगं, देवी आहे होय ही?" वहिनी कुजबुजल्या, आणि दोन्ही गालांत हलकेच मारून घेतलं. "काय काय बोललो आपण! आधी सांगायचं नाही का गं?"

आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्या वाकल्या. हळद, कुंकू, नमस्कार. मग दुसरी. "कुठली देवी गं त्यांची? लक्ष्मीच असेल." मग टेबल न पुसणारी, तिनं तर आपली ओटीतली सुपारीही पायाशी ठेवली. ज्या तळव्यांना आत्ता हसत होत्या त्यांना हात लावायला रांग लागली. ओल्या रंगात बोटं रुतत होती.

"वहिनी, रंग ओला आहे. देवी नाहीये ती."

"मग कोण आहे?"

उत्तर माझ्या मागून आलं, इंग्रजीत. फ्लॅटमेट खोलीच्या दारात उभी होती. "माझी आई आहे. ऊस तोडते."

वहिनींची बोटं पिवळी होती, कुठं पुसायची कळत नव्हतं.

फ्लॅटमेट चित्राजवळ गेली, तळव्यांकडे वाकून बघितलं. तिचा आवाज चढला नाही. "आधी मसाजवाली. मग देवी," ती म्हणाली. "मधे कुठं बसायला जागाच नाही का तुमच्यात? पटाया मला मराठीतही समजतं, मॅडम."

वहिनींनी पर्स उचलली. लिफ्टपाशी गेल्यावर मला म्हणाल्या, "आम्हाला काय माहीत? मुकुट घातल्यावर माणूस काय समजणार? खाली लिहायचं तरी." आंबेडाळीचा डबा राहिला तो परत न्यायला त्या आल्याच नाहीत.

आई तबक धरून तशीच उभी. "काय म्हणली ती?"

मी गोड करून सांगत नाही, आईलाही नाही. सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"तिची आई हाय व्हय ही?"

"हो."

"ऊस तोडती?"

"हो."

"मग मुकुट कशाला घातलाय तिला? उसात कोण मुकुट घालतंय?"

आईनं चित्राकडे पुन्हा एकदा बघितलं, यावेळी डोळे बारीक करून, भाजीवालीचा माल बघावा तसं. आणि तिचा चेहरा असा काही बदलला की मला वाटलं तिला चक्कर येतेय.

"म्हंजे म्या ऊसतोडीच्या बाईच्या पाया पडले," ती म्हणाली. "त्या बायांसमोर."

"आई, तूही ऊसच तोडलास."

"तेच म्हणते म्या. तोडला. माझ्या पाया कोण पडलं गं कधी? मुकादम पडला का? तू पडलीस, ते बी परीक्षेला जाताना, पास व्हायला." तिनं तबकातलं उरलेलं कुंकू सिंकमध्ये ओतलं. सिंक लाल झालं ते तिनंच घासलं. "तिला म्हणावं, आपल्या आईला असं लोकांपुढं मांडून ठेवत न्हाईत."

हेही मी जसंच्या तसं फ्लॅटमेटला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या आईला सांग, माझ्या चित्रापासून लांब राहा." तेही पोचवलं. बाकीचे दिवस आई फ्लॅटमेटची भांडी वेगळ्या कट्ट्यावर मांडायची, डुकराचं शिजवते म्हणून, जे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोघी एकमेकींना दिसल्या की पंखा वाढवायच्या नाहीतर कमी करायच्या. जाताना आईनं तिच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

फ्लॅटमेटनं टर्पेंटाइननं कुंकू काढलं. हळद निघाली नाही. ज्यानं हळद सांडलीय त्याला माहीत आहे. भेगांमध्ये पिवळं बसलं ते बसलंच. ती रात्रभर नवीन रंग द्यायच्या तयारीत होती, पण सकाळी तिचे शिक्षक चित्र बघायला आले आणि त्या पिवळ्यासमोर उकिडवेच बसले. हे काय आहे, विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. ते म्हणाले, अप्रतिम, याला हात लावू नकोस. म्हणजे ज्या बोटांना तिनं घराबाहेर काढलं त्या बोटांचे ठसे तिच्या चित्राचा भाग झाले. तिला ते आवडलं नाही, पण तिनं हातही लावला नाही.

मे महिन्यात तिची आई आली. चित्रातल्या बाईच्या निम्म्याएवढी. रेशमी लुंगीसारखं वस्त्र, वर पांढरा ब्लाउज, पायात मुलीनं घेऊन दिलेले नवे पांढरे बूट, आणि गळ्यात चौकडीचा सुती पंचा. तो पंचा म्हणजे त्यांच्याकडे सगळं काही. उसात तो तोंडाला, घरी कमरेला, बाजारात डोक्याला. आमच्या घरी येऊन तिनं आधी माझ्या हाताला हात लावला, अंगठ्याच्या मुळाशी. तिथं मला काही नाही, कीबोर्डनं घट्टे पडत नाहीत. तिनं हात सोडून दिला.

प्रदर्शनाचा हॉल थंडगार होता. लोक हातात वाइनचे ग्लास घेऊन हळू आवाजात बोलत होते. चित्र समोरच्या भिंतीवर, एकटं, त्यावर दिवा. खाली पाटी, नाव, साहित्य, तैलरंग आणि हळद. फ्लॅटमेटनं आईचा दंड धरून तिला मधोमध आणलं आणि दंड सोडला. मला आठवतंय, ती चित्राकडे बघतच नव्हती, आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.

आईनं आधी मुकुट बघितला आणि हसली. मग कोयता. मग पाय. पाय तिनं लगेच ओळखले, आपले पाय कुणाला ओळखू येत नाहीत? तिनं स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग मागे वळून, त्या तळव्यांसमोर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांकडे. चांगल्या कपड्यातली, म्हातारी, तरुण, गोरी, चिनी. सगळ्यांच्या तोंडासमोर तिचे तळवे.

मुलीला तिनं हळू आवाजात काहीतरी विचारलं. आईनं पुन्हा विचारलं.

नंतर फ्लॅटमेटनं मला सांगितलं, काय विचारलं ते. "या लोकांनी माझं काय वाईट केलंय, म्हणून मी यांना पाय दाखवू?"

मग तिनं गळ्यातला पंचा काढला. बूट काढले, कडेला नीट ठेवले, आणि चित्राजवळ जाऊन पंचाचं एक टोक फ्रेमच्या या कडेला खोचलं, दुसरं त्या. उंची पुरत नव्हती, टाचा उचलाव्या लागल्या, आणि तेव्हा मागे उभ्या सगळ्यांना तिच्या खऱ्या टाचा दिसल्या, चित्रातल्यासारख्याच. तळवे झाकले गेले. मग ती लोकांकडे वळली, गुडघ्यावर बसली आणि हात जोडून कपाळाला लावले. एका बाजूच्या लोकांना. मग दुसऱ्या. मग दाराशी उभ्या असलेल्यांना. ती माफी मागत होती. थाई येत नसलेल्यालाही कळावं इतकं स्पष्ट होतं ते.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. आईनं दचकून वर बघितलं. टाळ्या म्हणजे माफ केलं की नाही, तिला कळेना, म्हणून तिनं पुन्हा हात जोडले. टाळ्या वाढल्या. तिनं आणखी खाली वाकून हात जोडले. मोबाइल वर झाले. शिक्षक डोळे पुसत होते.

"थांबव ना तिला," मी फ्लॅटमेटला म्हटलं.

"आत्ता?" ती म्हणाली. दोन परीक्षक आमच्यापासून हातभर अंतरावर होते, एक लिहून घेत होता. ती तिथंच उभी राहिली, हात मागे बांधून, आणि आई वाकत राहिली. शेवटी मीच गेले आणि खांद्याला धरून तिला उठवलं. फारशी वजनाची नव्हतीच ती. मलाही वेगळ्या टाळ्या मिळाल्या.

त्या वर्षी वर्गात फ्लॅटमेट पहिली आली. पाटीवर एक ओळ वाढवली, तैलरंग, हळद आणि कलाकाराच्या आईचा पंचा. चित्र कॉलेजनं ठेवून घेतलं, म्हणून पंचाही परत मिळाला नाही. बँकॉकच्या मुलींनी तिला मिठ्या मारल्या. बान नोक त्यानंतर कुणी म्हणालं नाही, निदान तिला ऐकू जाईल असं.

तिच्या आईला सोडायला विमानतळावर आम्ही दोघी गेलो. एसी लागत होता, म्हातारीचा हात सारखा गळ्याकडे जायचा आणि रिकामा खाली यायचा. मी माझी ओढणी दिली. तिनं ती घेतली, घडी केली आणि पिशवीत ठेवली, गळ्यात घातली नाही. मायलेकी एकमेकींशी विमानाच्या वेळेबद्दल बोलत होत्या. सुरक्षा तपासणीच्या दाराशी मुलगी वाकून नमस्कार करायला गेली तर आईनं तिचे जोडलेले हात धरून खाली केले आणि आत निघून गेली.

त्या रविवारी माझ्या आईचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर, सहज विचारल्यासारखं, "त्या पोरीची आई आली व्हती का?"

"आली होती."

"पडले का लोक पाया तिच्या?"

मी सांगितलं सगळं. पंचा, गुडघे, टाळ्या. पलीकडे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"म्हंजे शेवटी तीच पडली म्हण की पाया," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "बरं झालं म्या तवा हळद लावून ठिवली."